०.४५ व्होल्ट : ऑक्सिजन सेन्सर इंजिनाला विचारतो तो एकच प्रश्न

२६ जुलै १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. लॉस एंजेलिस शहरावर दिवसाढवळ्या एक तपकिरी, धुरकट पडदा उतरला. डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, तीन गल्ल्यांपलीकडचे दिसेनासे झाले. जपानने विषारी वायू सोडला, अशी कुजबुज शहरभर पसरली.

त्याच वर्षी जर्मनीत, डार्मस्टाट येथील कार्ल वाग्नर या रसायनशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता एका जुन्या दिव्याचा. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी बाजारात येऊन मागे पडलेल्या त्या दिव्याच्या कांडीतून वीज नेमकी कशी वाहते, हे वाग्नरने त्यात उलगडले होते.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. तेहतीस वर्षांनी त्या दोन्ही एका मोटारीच्या एक्झॉस्ट पाइपात येऊन भेटल्या. आज जवळपास प्रत्येक नव्या पेट्रोल गाडीत अंगठ्याएवढा जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचा हा इतिहास. त्या सेन्सरचे आकडे वाचून इंजिन ट्यून करणारे अनेकदा का फसतात, याचे उत्तरही याच इतिहासात दडलेले आहे. (धागा)

प्रथम धुरक्याकडे पाहू. लोकांचा पहिला संशय ॲलिसो स्ट्रीटवरील एका कारखान्यावर गेला. युद्धासाठी कृत्रिम रबर हवे होते आणि त्याला लागणारे ब्युटाडाईन तिथे तयार होत असे. लोकक्षोभापुढे कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला. धुरके मात्र येतच राहिले. मग रिफायनऱ्यांवर, घरामागे कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बोट ठेवले गेले. ज्या वाहनांत बसून नागरिक या कारखान्यांविरुद्ध तक्रार करायला जात होते, त्या वाहनांचा विचार फारसा कोणी केला नव्हता.

तो विचार करायला भाग पाडले एका अननसवाल्याने! आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ पसाडेनाच्या कॅलटेक संस्थेत अननसाच्या स्वादाचे घटक शोधत होता. फळातून उडणारे सूक्ष्म वायू थंडीने गोठवून त्यांचे पृथक्करण करण्याचे तंत्र त्याच्या हाती होते. तेच तंत्र त्याने खिडकीबाहेरच्या हवेला लावले. हाती तपकिरी, उग्र वासाचा द्रव आला. १९५० च्या सुमारास त्याने दाखवून दिले की न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि इंजिनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. ओझोन मोजायची त्याची एक युक्ती फार साधी होती. ताणून वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती मिनिटांत चिरा पडतात, ते तो पाहत असे.

तेल उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाने त्याला विरोध केला. वाद वर्षानुवर्षे चालला आणि हागेन-स्मिट टिकून राहिला. १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेच्या शुद्धतेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करणारा कायदा केला. त्या मंडळाचा पहिला अध्यक्ष होता आरी हागेन-स्मिट.

३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील मागणी ऐकून डेट्रॉइटचे कारखानदार हादरले. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत, तर नायट्रोजनची ऑक्साइडे १९७६ पर्यंत, नव्वद टक्के घटवायची होती. हे साध्य करणारे तंत्र त्या दिवशी कोणाच्याही हाती नव्हते. संसदेने आधी मर्यादा ठरवली आणि मार्ग शोधण्याचे काम अभियंत्यांवर सोपवले. पुढे मुदती अनेकदा लांबल्या, हे खरे. तरीही कायदा तंत्रज्ञानाच्या पुढे चालल्याचे इतके स्पष्ट उदाहरण वाहनांच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण.

यातली खरी अडचण रासायनिक होती, आणि ती समजल्याशिवाय पुढची कथा उमगत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल निरुपद्रवी करायचे तर त्यांना ऑक्सिजन द्यावा लागतो. नायट्रोजनची ऑक्साइडे निरुपद्रवी करायची तर त्यांच्याकडून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. एकाच नळीत एकाला द्यायचे आणि दुसऱ्याकडून घ्यायचे, असा हा व्यवहार.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही कल्पना तोवर जुनी झाली होती. यूजीन उद्री या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकात अमेरिकेत ती मांडली होती. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होई. उद्री १९६२ साली वारला. शिसेविरहित पेट्रोलची सक्ती पाहायला तो उरला नाही. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर सर्रास आले, पण ते अर्धेच काम करत. ते ऑक्सिजन देऊ शकत, घेऊ शकत नसत.

तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा ‘थ्री-वे’ उत्प्रेरक एंगेलहार्ड कंपनीच्या कार्ल कीथ आणि जॉन मूनी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केला. त्याची एक विलक्षण अट होती. इंजिनात जाणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहिले पाहिजे. या प्रमाणात तत्त्वतः सगळे पेट्रोल जळते आणि सगळा ऑक्सिजन वापरला जातो. काहीच शिल्लक राहत नाही. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’, हवा जास्त झाली की ‘लीन’. सुमारे एक टक्का इकडे किंवा तिकडे सरकले की तीनपैकी एखादे प्रदूषक निसटलेच.

एक टक्का! कार्बुरेटर हे यंत्र अतिशय चतुर खरे, पण त्याच्याकडून अशी अपेक्षा करणे म्हणजे बाजारातल्या तराजूवर सोने जोखण्यासारखे. सकाळचा गारवा, दुपारचे ऊन, घाटाची उंची, झिजलेली जेट, तुंबलेला एअर फिल्टर, प्रत्येक गोष्टीने त्याचे प्रमाण बदलते. आणि बदलले हे त्याला कळत नाही. फ्युएल इंजेक्शन आले तरी हा दोष पुरता सुटला नाही. इंजेक्शनचे मोजमाप अधिक अचूक होते, पण तेही आत काय सोडले एवढेच जाणत होते. बाहेर काय पडले, हे सांगणारे कोणी नव्हते.

इथे तो विसरलेला दिवा परत येतो.

वाल्टर नर्न्स्ट हे नाव रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. दोन ठिकाणच्या द्रावणांच्या संहतीत फरक असेल तर किती व्होल्ट निर्माण होतील, हे सांगणारे समीकरण त्याने १८८९ साली मांडले. १९२० सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा तो मानकरी. पण १९०० च्या सुमारास सामान्य युरोपीय माणसाला तो माहीत होता दिव्यामुळे. गोटिंगेन येथे असताना त्याने झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या कांडीत थोडे इट्रिया मिसळून दिवा बनवला. कांडी थंड असताना वीज अडवते. तापली की वाहू देते आणि लखलखू लागते. सुरुवातीच्या दिव्यांना आधी काडी लावून तापवावे लागे. टंगस्टनच्या तारेने पुढे त्याला बाजारातून हुसकावले.

कांडी तापल्यावर वीज का वाहते, याचे उत्तर वाग्नरने १९४३ साली दिले. त्या स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या असतात, आणि ऑक्सिजनचे विद्युतभारित कण एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या घेत पुढे सरकतात. याचा अर्थ, कांडीतून वाहणारी वीज म्हणजे प्रत्यक्ष ऑक्सिजनच वाहत होता. मग उलटाही व्यवहार शक्य होता : झिर्कोनियाच्या दोन बाजूंना ऑक्सिजन कमीजास्त असेल तर आपोआप व्होल्टेज निर्माण होईल, आणि किती होईल ते नर्न्स्टचेच समीकरण सांगेल. दिवा आणि समीकरण एकाच माणसाचे. दोहोंना जोडणारे सूत्र मिळायला अर्धे शतक लागले.

१९६० च्या दशकात प्रयोगशाळांतून असे ऑक्सिजनमापक तयार होऊ लागले होते. त्या दशकाच्या अखेरीस स्टुटगार्टच्या बॉश कंपनीने ते मोटारीत बसवण्याचे काम हाती घेतले. कंपनीला एक पिढीजात फायदा होता. ती स्पार्क प्लग बनवत असे, आणि आगीत, धक्क्यांत, तेलकाजळीत टिकणारी चिनी माती कशी भाजायची हे तिला ठाऊक होते. पहिल्या सेन्सरची ठेवणही स्पार्क प्लगसारखीच दिसते. झिर्कोनियाची अंगुस्तानासारखी पोकळ टोपी, आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर, बाहेरून एक्झॉस्टचा धूर, आतून बाहेरची मोकळी हवा.

आता हा सेन्सर बोलतो कसा, ते पाहू. मिश्रण लीन असेल तर धुरात थोडा ऑक्सिजन उरतो. दोन बाजूंतला फरक मर्यादित राहतो आणि सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो. मिश्रण रिच झाले की धुरातला ऑक्सिजन एकाएकी जवळजवळ नाहीसा होतो आणि व्होल्टेज ०.८ किंवा ०.९ वर उडी घेते. मधला उतार जवळपास नाहीच. आहे तो कडा. त्या कड्याच्या मध्यावर ०.४५ व्होल्ट, आणि नेमके तिथेच १४.७ चे प्रमाण. तंत्रज्ञ या बिंदूला ‘लॅम्डा बरोबर १’ म्हणतात.

म्हणजे हा सेन्सर किती रिच वा किती लीन हे सांगत नाही. तो रिच की लीन, एवढेच सांगतो. उत्प्रेरकाला तेवढेच हवे होते.

१९७६ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने कॅलिफोर्नियासाठी १९७७ च्या मॉडेलची २४० मालिकेतील गाडी सादर केली. स्टीफन वॉलमन हा अभियंता या कामाच्या अग्रभागी होता. थ्री-वे उत्प्रेरक, बॉशचे के-जेट्रॉनिक इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर हे त्रिकूट विक्रीच्या मोटारीत प्रथमच एकत्र आले. कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादांच्याही बरेच खाली तिचा धूर होता. गाडीच्या दर्शनी जाळीवर अभिमानाने अक्षरे झळकत होती : ‘लॅम्डा सोंड’. स्वीडिश आणि जर्मन भाषांत या शब्दाचा अर्थ शोधक सळई. मराठी वाचकाला मात्र हत्तीच आठवणार. आणि धुरात खुपसून वास घेणाऱ्या या उपकरणाला आपला अर्थही मुळीच विजोड नाही.

के-जेट्रॉनिक हे मुळात यांत्रिक इंजेक्शन. त्यात विद्युत्-संदेशाने इंधन कमीजास्त करण्याची सोय नव्हती. म्हणून एक झडप जोडण्यात आली. ती सेकंदाला अनेकदा उघडझाप करी. उघडी राहण्याचा वेळ वाढला की मिश्रण रिच होई. सेन्सरने ‘लीन’ म्हटले की नियंत्रक तो वेळ वाढवी, ‘रिच’ म्हटले की घटवी. मिश्रण कधीच एका जागी स्थिर नसे, ते ०.४५ च्या भोवती झोके घेत राही. हा दोष नव्हे. पुढे उत्प्रेरकात सेरियम ऑक्साइड घालण्यात आले, जे लीन क्षणी ऑक्सिजन साठवते आणि रिच क्षणी परत देते. सेन्सरचा आकडा सतत डोलतो आहे, हे सुदृढ इंजिनाचे लक्षण ठरले. काटा एका जागी थिजला तर आजार समजावा.

सेन्सर वाचून इंजेक्शनचे इंजिन ट्यून करण्याची कला इथेच जन्माला आली. तोवर मिस्त्री कान लावून इंजिनाचा सूर ऐकत, प्लग काढून त्याचा रंग पाहत. विटकरी रंग असेल तर ठीक, काळा असेल तर रिच, पांढुरका असेल तर लीन. आता त्यांच्या हाती नवे काही आले. गंमत अशी की ते मोजण्याचे साधन जुनेच निघाले. पॉइंट-सेटवाल्या इग्निशनसाठी गॅरेजांत ‘ड्वेल मीटर’ असे. तोच या झडपेला जोडला की झडप किती वेळ उघडी राहते ते समजे. मग ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने मूळ मिश्रणाचा स्क्रू फिरवायचा, आणि काटा मध्याच्या आसपास डोलू लागला की थांबायचे.

यातले तर्कशास्त्र ध्यानात घेण्याजोगे आहे. मिस्त्री मिश्रण थेट बरोबर करत नव्हता. ते काम सेन्सर करतच होता. सेन्सरला किती दुरुस्ती करावी लागते आहे, हे मिस्त्री पाहत होता, आणि ती दुरुस्ती दोन्ही दिशांना सारखीच पोचेल अशा बेताने मूळ मांडणी सरळ करत होता. संगणकयुगात याच गोष्टीला ‘फ्युएल ट्रिम’ हे नाव मिळाले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला ओबीडी-२ ही स्वयंनिदान व्यवस्था सक्तीची झाली आणि ट्रिमचे टक्के कोणालाही स्कॅनरवर दिसू लागले. अधिक दहा म्हणजे ईसीयू आपल्या कोष्टकापेक्षा दहा टक्के इंधन जास्त टाकत आहे. उणे दहा म्हणजे तितके कमी.

जाणता मिस्त्री हे टक्के एकेकटे वाचत नाही. आयडलवर ट्रिम खूप वर आणि वेग वाढवताच शून्याकडे, तर मॅनिफोल्डमध्ये कुठून तरी चोरून हवा शिरते आहे; कारण मोठ्या प्रवाहात तेवढीच चोरी क्षुल्लक ठरते. उलट, आयडलवर ठीक पण भार वाढताच ट्रिम चढत गेला, तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवायला अपुरा पडतो आहे.

मोठा गैरसमज मात्र इथेच आहे. सेन्सर पेट्रोल पाहत नाही, ऑक्सिजन पाहतो. इंजिन ‘मिसिंग’ मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडत नसेल, तर तिथले पेट्रोल तसेच बाहेर पडते. आपल्याला वाटेल, सेन्सर ‘रिच’ म्हणेल. पण त्या सिलिंडरातला सगळा ऑक्सिजनही न वापरता बाहेर आलेला असतो. सेन्सर त्याच्याच नावाने ओरडतो : लीन! आणि ईसीयू इमानेइतबारे आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर पडली असेल तरी तेच. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटे ‘लीन’ नोंदवतो. अशा वेळी सेन्सर बदलून काही साधत नाही. त्याने विचारल्या प्रश्नाचे उत्तर अचूक दिलेले असते.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडला. पुढील काळात हौशी ट्यूनरांसाठी ‘एअर-फ्युएल मीटर’ या नावाने छोटे डबे विकले जाऊ लागले. आत रंगीत एलईडींची रांग, आणि तार थेट गाडीच्या सेन्सरला. आता, पूर्ण थ्रॉटलवर ताकद हवी असते आणि पिस्टन-व्हॉल्व्ह थंड ठेवायचे असतात. तेव्हा मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे साडेबारा-तेराला एकच्या आसपास ठेवतात. त्या क्षणी ईसीयूदेखील सेन्सरचे ऐकणे बंद करतो आणि स्वतःच्या कोष्टकावर चालतो. पण ट्यूनर दिव्यांकडे पाहत राहिले. ०.८५ व्होल्ट दिसले की ‘बरोबर रिच’ म्हणून समाधान मानू लागले.

कड्याच्या वरचे ते पठार फसवे होते. तिथे व्होल्टेज मिश्रणाइतकेच सेन्सरच्या तापमानावरही अवलंबून असते. भरधाव इंजिनात सेन्सर तापतो आणि तोच आकडा वेगळ्याच मिश्रणाचा असू शकतो. दिवे हिरवे दाखवत असताना मिश्रण धोक्याइतके लीन झाले आणि पिस्टन वितळले, हा अनुभव अनेक गॅरेजांनी घेतला. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आणि उत्प्रेरकाने या सेन्सरला एकच प्रश्न विचारायला शिकवले होते. ट्यूनर त्याला दुसराच प्रश्न विचारत होते, आणि तो पहिल्याचेच उत्तर देत होता.

तापमानाचा मुद्दा सेन्सरच्या जन्मापासूनचा आहे. नर्न्स्टच्या दिव्याला जशी काडी लावावी लागे, तसा हा सेन्सरही सुमारे ३०० अंश सेल्सिअस गाठेपर्यंत मुका असतो. म्हणून थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली मिनिटे ईसीयू अंदाजानेच चालतो. १९८२ पासून बॉशने सेन्सरच्या पोटातच हीटर बसवला आणि वाट पाहण्याचा वेळ बराच घटला. सेन्सरला एकाऐवजी तीन-चार तारा दिसू लागल्या त्या यामुळे.

‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देणारा सेन्सर १९९० च्या दशकात मोटारींत आला : वाइडबँड. होंडाने १९९२ च्या सिव्हिक व्हीएक्समध्ये तो वापरला. तिचे इंजिन इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम लीन चालवले जाई आणि त्यासाठी साध्या सेन्सरचे ‘हो-नाही’ पुरेसे नव्हते. याची रचना बुद्धिमान आहे. आत एक छोटी कोठडी असते. तिच्यातला ऑक्सिजन झिर्कोनियाच्याच दुसऱ्या पट्टीतून वीज देऊन बाहेर उपसला जातो किंवा आत ढकलला जातो. वाग्नरने पाहिलेल्या कणांच्या उड्या इथे पंपासारख्या राबवल्या जातात. कोठडीतला जुना सेन्सर सतत ०.४५ व्होल्ट दाखवत राहील इतका पंप चालवायचा. तेवढे करायला किती विद्युतप्रवाह लागला, तोच मिश्रणाचा आकडा. नवा सेन्सर जुन्याच प्रश्नाभोवती बांधलेला आहे.

त्याच काळाला लागून, २००१ साली ब्रूस बाउलिंग आणि ॲल ग्रिपो या दोन अमेरिकी हौशी अभियंत्यांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा घरी जोडता येणारा इंजेक्शन-नियंत्रक लोकांसमोर ठेवला. ट्यूनिंगचे कोष्टक प्रथमच सामान्य हौशी माणसाच्या लॅपटॉपवर उघडले गेले. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब, आणि प्रत्येक चौकोनात इंधनाचा आकडा. वाइडबँड लावून गाडी चालवायची, प्रत्येक चौकोनातील अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिश्रणाचा भागाकार करायचा, आणि त्या पटीने आकडा बदलायचा. अपेक्षित १३, सेन्सर दाखवतो १४.३, म्हणजे त्या चौकोनात सुमारे दहा टक्के इंधन वाढवा. गणित एवढेच. खबरदारी मात्र बरीच : वेग स्थिर हवा, इंजिन तापलेले हवे, आणि धूर सिलिंडरपासून सेन्सरपर्यंत पोचायला लागणारा क्षणभराचा विलंब हिशेबात धरायला हवा. नाहीतर दुरुस्ती शेजारच्याच चौकोनात जाऊन पडते.

भारतात हा सारा प्रवास उशिरा आणि घाईत झाला. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक ठरला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. देशभरातून शिसे हद्दपार झाले १ फेब्रुवारी २००० रोजी. आरंभीच्या त्या कन्व्हर्टरवाल्या गाड्यांपैकी अनेकींत कार्बुरेटरच होता, म्हणजे उत्प्रेरक होता पण त्याला सांभाळणारा सेन्सर नव्हता. मग गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरे मिरवू लागली. व्होल्व्होच्या जाळीवरील त्या अक्षरांची ही धाकटी भावंडे.

दुचाकींची गोष्ट अधिक बोलकी आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली पल्सर २२० डीटीएस-एफआय ही इंजेक्शनची मोटारसायकल आणली. तरुणांनी तिचे कौतुक खूप केले. दोनच वर्षांनी, २००९ साली, तीच २२० कमी किमतीत कार्बुरेटरसह परत आली आणि रस्तोरस्ती दिसू लागली. ग्राहक कार्बुरेटरवर खूश होता, गल्लीतल्या मिस्त्रीला तो उघडता येत होता, आणि कायदा अजून आड येत नव्हता. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ आला तेव्हा हे चित्र पालटले. मिस्त्रीच्या स्क्रू-ड्रायव्हरशेजारी स्कॅनर आला.

आणि आता ऊस. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात पसरत गेले. त्या इथेनॉलचा काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांशी जोडलेला आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जाळायला हवा कमी लागते : पेट्रोलला १४.७, शुद्ध इथेनॉलला साधारण ९, आणि या मिश्रणाला सुमारे १३.५. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला हे कळण्याचा मार्ग नाही. जेट तीच, म्हणून इंजिन लीन चालते. सेन्सरवाल्या गाडीलाही टाकीत काय ओतले ते ठाऊक नसते, पण धुरात ऑक्सिजन उरला एवढे तिला कळते. ती ०.४५ च्या मागे जाते, ट्रिम काही टक्के वर चढतो आणि मिश्रण ठिकाणावर येते.

हौशी ट्यूनरचा वाइडबँड मीटर मात्र इथे अजब वागतो. या नव्या पेट्रोलवर, प्रत्यक्षात हवा-इंधन प्रमाण १३.५ असताना, तो पडद्यावर १४.७ दाखवतो. तो मोजतो लॅम्डा, १४.७ ने गुणून आकडा दाखवायचा, हे त्याला शुद्ध पेट्रोलच्या काळात शिकवले गेले. म्हणून अनुभवी ट्यूनर मीटरची मांडणी बदलून थेट लॅम्डा पाहतात. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ च्या आसपास लक्ष्य ठेवले की इंधन पेट्रोल असो वा इथेनॉलमिश्रित, अर्थ तोच राहतो. आयडलवर काटा एकच्या आजूबाजूला डोलत असतो, १९७६ साली कॅलिफोर्नियासाठी बनलेल्या त्या स्वीडिश गाडीत डोलत होता तसा.